आठ वर्षांचा सॉलोमन

सॉलोमन एकोणीस वर्षांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरीच मोठी माणसं त्याच्या तोंडात नाक खुपसून भलतंच काहीतरी सांगणार आहेत. माझ्याकडे पुरावा आहे. चार वर्षांचा असताना तो कॅम्डनला कालव्याकाठच्या क्रॅटवेलांच्या कोळशाच्या वखारीत आला आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्या उजव्या पायावर आपला पुढचा पाय ठेवला. त्याला पंधरा वर्षं झाली. अंगठ्याला नख अजून धड आलेलं नाही.

तेव्हापासून तो एमस टफनेलचा घोडा. म्हणजे विकत घेतलेला क्रॅटवेलांनी, चंदी क्रॅटवेलांची, तबेला क्रॅटवेलांचा, पण घोडा एमसचा. एमस पाच नंबरची गाडी हाकायचा, मी सहा नंबरची. पंधरा वर्षं मी रोज सकाळी पुढे बघितलं की मला सॉलोमनचं ढुंगण आणि त्याच्या शेजारून पायी चालणारा एमस दिसायचा. गाडीवानाला बसायला फळी असते. एमस बसायचा नाही. "माझं ओझं त्याने कशाला ओढायचं? त्याने मागितलाय का कोळसा?" असं म्हणायचा. उन्हाळ्यात स्वतःची हॅट सॉलोमनला घालायचा आणि स्वतः उघड्या टकलाने फिरायचा. दुपारी बीअर घेतली की अर्धी घोड्याला. घोड्याला बीअर चढायची नाही, एमसला चढायची, मग परतीच्या वाटेवर घोडा त्याला सांभाळून आणायचा. एकूण हिशेब चोख होता.

एमसची बायको केझाया म्हणायची, "मी मेले की मला त्या घोड्याशेजारी पुरा रे बाबांनो. म्हणजे हा माणूस निदान तिथे तरी मला भेटायला येईल."

थोरले क्रॅटवेल होते तोवर सगळं ठीक होतं. ते स्वतः गाडी हाकत मोठे झालेले. म्हातारा घोडा दिसला की ओझं कमी करायला सांगायचे आणि वर शिवी द्यायचे, आम्हाला, घोड्याला नव्हे. ते फेब्रुवारीत गेले. त्यांच्या जागी धाकटे साहेब आले, एडविन क्रॅटवेल. वय तेवीस, मिशी कोवळी, खिशात सोन्याचं घड्याळ. घोड्याची पुढची बाजू कुठली हे त्यांना माहीत होतं आणि घोड्याबद्दलचं ज्ञान तिथेच संपत होतं. पण पेपर वाचायचे.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना आवारात उभं केलं.

"बारा वर्षांवरचा घोडा खातो जास्त आणि ओढतो कमी," ते म्हणाले. "हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं. पंधरा मे रोजी जनावरांचे डॉक्टर येतील. प्रत्येक घोड्याचे दात बघतील. बारावरचे सगळे खाटकाकडे."

"कुठल्या खाटकाकडे, साहेब?" मागून कोणीतरी विचारलं.

"घोड्यांच्या. दुसऱ्या कुठल्या?"

मांजरांसाठी मांस विकणाऱ्या बायका आमच्या गल्लीतून रोज ओरडत जातात. ते मांस कुठून येतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एमस सॉलोमनच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. बोटं आयाळीत घट्ट रुतवली होती आणि घोड्याला वाटलं खाजवतोय, म्हणून त्याने मान आणखी पुढे केली.

त्या संध्याकाळी एमस मला म्हणाला, "फिच, स्मॉलबोन कुठे भेटेल?"

"लेका, डोकं फिरलं का तुझं?"

"कुठे भेटेल तेवढं सांग."

फिनियस स्मॉलबोन घोड्यांचा दलाल. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या चुकीमुळे, असं तो सांगायचा. म्हाताऱ्या घोड्याला तरुण करून विकणं हा त्याचा धंदा. लंडनमध्ये त्याच्या हातचे इतके घोडे फिरत होते की दोन तरुण घोडे शेजारी दिसले तर त्यातला एक आजोबा समजायचा.

रविवारी सगळे चर्चला गेल्यावर स्मॉलबोन मागच्या दाराने तबेल्यात आला. हातात बायबलच्या आकाराची पेटी. उघडली तर आत कानशी, तापवायच्या सळया, बाटल्या आणि हंसाची पिसं. एमसकडून दोन क्राउन आधी वाजवून घेतले.

"बघा," तो मला समजावायला लागला, जसा काही मी शिकाऊ होतो. "तरुण घोड्याच्या पुढच्या दातांवर काळे खळगे असतात. आठव्या वर्षापर्यंत ते झिजून जातात. म्हातारा झाला की दात लांब होतात, पुढे येतात. डॉक्टर काय बघतो? दात. मग आपण काय बदलायचं? दात. डॉक्टर मूर्ख नसतो हो, पण घाईत असतो."

"दुखेल का?" एमसने विचारलं.

"घोड्यांना दुखत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय. कधी घोड्याकडून नाही ऐकलं.

पुढचं सगळं मी सांगत नाही. ओठाला दोरीचा पीळ घातला, तो एमसने धरला. दात कानशीने घासून आखूड केले. मग सळई लाल करून प्रत्येक दातावर खळगा जाळला. जळक्या शिंगासारखा वास सुटला. सॉलोमन ओढ घेत नव्हता, लाथा मारत नव्हता. तो फक्त एमसकडे बघत होता. पंधरा वर्षांत या माणसाने केलेली कुठलीही गोष्ट त्याच्या भल्याची निघाली होती, तेव्हा हीसुद्धा असणार, असा त्याचा हिशेब असावा. एमस त्याच्या कानात सारखं म्हणत होता, "झालं बाळा, झालं. आठ वर्षांचा होणार तू. झालं."

मग डोळे. म्हाताऱ्या घोड्याच्या डोळ्यांवर खड्डे पडतात. स्मॉलबोनने तिथल्या कातडीला बारीक छिद्र पाडलं, पिसाची पोकळ काडी घातली आणि गाल फुगवून फुंकलं. खड्डा भरून आला. दुसरी बाजू. तीही आली. शेवटी तोंडावरचे पांढरे केस अक्रोडाच्या सालीच्या काढ्याने काळेभोर केले. काढा एमसने स्वतःच्या हाताने चोळला. तो उतरत नाही हे स्मॉलबोनने जाताना सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे, ऐन मे महिन्यात, एमस चामड्याचे हातमोजे घालून कोळसा वाटत होता. एका बाईने विचारलं तेव्हा म्हणाला, "बाईसाहेब, कोळशाने हात काळे होतात."

गंमत अशी झाली की डावी बाजू टिकली, उजवी गळायला लागली. सोमवारी सकाळी सॉलोमन डावीकडून आठ वर्षांचा दिसत होता आणि उजवीकडून स्वतःच्या वडलांसारखा. स्मॉलबोन पैसे घेऊन केंटला पळालेला. मग दर दोन-तीन दिवसांनी उजवा डोळा भरायचं काम आमच्यावर आलं. एमसला ते जमायचं नाही, त्याला फुंकताना रडू यायचं आणि हवा वाया जायची. मीच फुंकायचो. खोटं कशाला बोलू? डॉक्टर यायच्या दिवशी सकाळीही मीच फुंकलं.

डॉक्टर आले, घाईतच होते. अठ्ठावीस घोडे आणि साडेबाराला जेवण. सॉलोमनचा ओठ वर केला.

"आठ. फार तर साडेआठ. छान जनावर आहे."

एमसच्या घशातून एक आवाज निघाला. तो त्याने खोकल्यात लपवला.

धाकटे साहेब खूष. "ही अशी जनावरं पाहिजेत!" म्हणाले.

त्या दिवशी चार घोडे खाटकाकडे गेले. त्यात बेट्सी होती, करड्या रंगाची घोडी, माझ्याच मागच्या गाडीची. ती खरी अकरा वर्षांची. पण खरखरीत चारा खाऊन दात झिजलेले, डोळे खोल गेलेले. डॉक्टर म्हणाले चौदा. तिच्यासाठी कोणी फुंकलं नव्हतं.

इथेच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट मी बीअरच्या गुत्त्यात हसत सांगितली असती. पण पुढच्या आठवड्यात व्हिटच्या सणाचा सोमवार आला, म्हणजे रीजंट्स पार्कात गाडीघोड्यांच्या मिरवणुकीचा दिवस. वर्षभर चाबूक खाल्लेल्या घोड्यांना त्या दिवशी रिबिनी बांधतात. एमस एकही वर्ष चुकवायचा नाही. पितळी बिल्ले घासायला त्याला दोन रात्री लागायच्या आणि केझायाचे दोन परकर फडकी म्हणून जायचे.

मिरवणूक भरवणारं मंडळ मुक्या जनावरांवर माया करणाऱ्या महिलांचं. अध्यक्ष लेडी हॉनोरिया विव्हर्स. त्या स्वतःच्या बग्गीतून आल्या. बग्गीच्या दोन्ही घोड्यांची मान फॅशनप्रमाणे लगामाने वर ताणून बांधलेली, इतकी की बिचाऱ्यांना फक्त ढग दिसत होते. तोंडाला फेस आलेला. दीड तास भाषणं चालली. विषय दया. दीड तास ते दोघे फेस गाळत ढग बघत उभे.

भाषणाच्या शेवटी लेडी हॉनोरिया म्हणाल्या, "आणि यंदापासून एक नवं बक्षीस. जो घोडा वयाने सर्वात मोठा असेल आणि तरी उत्तम निगेत असेल, त्याला मंडळ मालकाकडून विकत घेईल आणि केंटमधल्या आपल्या कुरणात मरेपर्यंत ठेवेल. काम नाही, ओझं नाही. फक्त गवत."

मी एमसकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. हातमोजे काढून त्याने खिशात घातले, परत हातात चढवले, परत काढले.

"फिच," तो म्हणाला, "इथे सॉलीएवढा म्हातारा कोणी नाही."

"एमस, गप्प बस. साहेब समोर बसलेत."

"फक्त गवत म्हणाल्या त्या."

"अरे, तू आता खरं बोललास आणि बक्षीस नाही मिळालं, तर साहेब उद्या त्याला खाटकाकडे पाठवतील. तुलाही हाकलतील."

"मिळेल. त्याची निगा कोणाएवढी आहे? सांग ना."

आणि गेला. लगाम धरून सरळ मंडपापुढे. सॉलोमन मागे, कानात लाल रिबिनी, गळ्यात फुलांचा हार, आठ वर्षांच्या तोंडाने.

परीक्षक होते कर्नल थ्रेल, निवृत्त घोडदळवाले. घोड्याचं वय सांगण्यात आपण कधी चुकलो नाही असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि त्यांना चुकलात म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"काय वय याचं?" कर्नल.

"एकोणीस, साहेब. मार्चमध्ये झाली."

कर्नलनी ओठ वर केला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग ताठ झाले.

"तू मला मूर्ख समजतोस? आठ!"

"नाही साहेब, ते... ते केलेलं आहे. जाळून केलंय. मीच करवलं."

"दात जाळून कोणी म्हातारा घोडा तरुण करतो, हे मला माहीत आहे. असे दात मी शंभर बघितलेत आणि पकडलेत. हे दात खरे आहेत."

स्मॉलबोनची कारागिरी तेवढी उत्तम होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मन लावून काम केलं असावं.

खुर्चीत बसलेले धाकटे साहेब उठले. "टफनेल, काय चाललंय? आपल्या डॉक्टरांनीसुद्धा आठच सांगितलंय."

"साहेब, तुम्हाला फसवलं मी. चूक झाली. पण तो एकोणीसचा आहे, देवाशपथ. फिचला विचारा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धाकट्या साहेबांनीही. माझ्या घरी तेव्हा पाच तोंडं होती. मी म्हणालो, "मला दातांमधलं काही कळत नाही, साहेब."

एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं ते. आजपर्यंत त्या वाक्यावर मी किती विचार केला असेल.

एमसने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला अचानक काहीतरी सुचलं. "हे बघा, डोळा बघा! आत हवा आहे, बघा!" असं म्हणून त्याने सॉलोमनच्या उजव्या डोळ्यावरचा, मी आदल्या दिवशी भरलेला उंचवटा अंगठ्याने दाबला. हवा सुईं करून निघाली, खड्डा पडला. सॉलोमनने दचकून मान झटकली. लेडी हॉनोरिया किंचाळल्या.

"त्याने डोळा फोडला! आमच्यादेखत त्या गरीब जनावराचा डोळा फोडला!"

त्यापुढे कोणी काही ऐकलं नाही. बायका खुर्च्यांवर चढल्या. एक बेशुद्ध पडली, तिला वारा घालायला दुसरीने सॉलोमनचा हार ओरबाडला. कर्नलनी निकाल दिला, की बक्षिसाच्या लोभाने या गाडीवानाने आपल्या तरुण घोड्याला म्हातारा दाखवायला त्याच्या डोळ्यांवर ठोसे मारून खड्डे पाडले आहेत. आणि हात बघा म्हणे, रंगलेले! केस रंगवून पांढरे करण्याचा बेत होता, तो फसला म्हणून काळे झाले! पांढरा रंग काळा कसा होतो हे कर्नलना कोणी विचारलं नाही. पोलीस आला. एमसला क्रूरतेबद्दल समज देऊन मिरवणुकीतून हाकलला. बक्षीस केंटकडच्या कोण्या बेकरीवाल्याच्या पंधरा वर्षांच्या घोड्याला मिळालं. खरा दहाचा होता, हे मला नंतर कळलं. स्मॉलबोन उलटंही काम करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमस कामावरून जाणार, असं सगळ्यांना वाटत होतं. पण धाकटे साहेब मोठ्या मनाचे निघाले.

"टफनेल, तू या घोड्यात फार जीव गुंतवलायस," ते म्हणाले. "म्हणून त्याला बसवून खाऊ घालतोस. मी चौकशी केली. पंधरा वर्षं तू सपाट रस्त्यांवरच कोळसा टाकतोस, टेकडीच्या फेऱ्या दुसऱ्यांना बीअर पाजून त्यांच्या गळ्यात मारतोस. एका डॉक्टरने आणि एका कर्नलने आठ वर्षांचा ठरवलेला घोडा सपाटीवर! आजपासून तो हायगेटच्या टेकडीवर. आणि तू नाही हाकायचा. फिच हाकेल."

मी.

एमस त्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, आता तोंडात बसणार. तो म्हणाला, "चढावर त्याला नागमोडी घेत जा. सरळ नको. आणि दर शंभर पावलांवर चाकामागे लाकूड लावून थांबव. तो स्वतःच थांबेल, फक्त ऐक त्याचं."

"ऐकेन."

"रागावलो नाही मी, फिच. पाच तोंडं आहेत तुला. केझाया रागावलीय. तिच्यापुढे येऊ नकोस काही दिवस."

हायगेटच्या टेकडीच्या पायथ्याशी भाड्याचा मदतनीस घोडा मिळतो. तो पुढे जोडतात, वर पोचल्यावर सोडतात, तो एकटा खाली चालत येतो. जून महिन्यात साहेबांनी तो बंद केला. आठ वर्षांच्या घोड्याला मदत कशाला? मी नागमोडी घेत जायचो. रस्ता आडवा अडतो म्हणून घोड्यांच्या बस हाकणारे शिव्या द्यायचे. सॉलोमन थांबायचा तिथे लाकूड लावायचो, तो श्वास घ्यायचा, कान मागे करून एमसच्या पावलांचा आवाज शोधायचा. ते पाऊल नसायचं. मग आपणहून पुढचं पाऊल टाकायचा. सात आठवडे त्याने ते केलं.

जुलैच्या शेवटी एका शुक्रवारी चार पोती जादा होती. वरच्या एका घरात पाहुणे येणार होते, स्वयंपाकघर दिवसभर पेटतं राहणार होतं. ऊन असं होतं की रस्त्याचे दगड बुटातून लागत होते. अर्ध्या चढावर सॉलोमन थांबला. मी लाकूड लावलं. तो पुन्हा चालेना. मागे दोन बस आल्या, एक बीअरची गाडी आली, एक पाद्री बग्गीत बसून घड्याळ बघायला लागला.

"ए कोळशेवाल्या! मजा बघतोस का?"

"तरुण घोडा आहे, दात तर बघ त्याचे! आळशीपणा करतोय."

"दे एक सणसणीत!"

पोलिसाने येऊन सांगितलं, रस्ता मोकळा कर, नाही तर नंबर लिहून घेईन.

मी चाबूक मारला. एकदा, असं मी एमसला नंतर सांगितलं. तीनदा मारला.

तिसऱ्या फटक्याला सॉलोमनने पाऊल टाकलं. त्याने खरंच टाकलं. मग त्याचे गुडघे दुमडले आणि तो गाडीच्या दांड्यांमध्ये हळूच खाली बसला, जसा काही आपल्यामुळे कोणाला त्रास नको म्हणून. मी पट्टे कापले. दोन जण धावत आले, एक त्याच्या डोक्यावर बसणार होता, पडलेला घोडा उधळू नये म्हणून बसतात तसा. मी त्याला ढकलून दिला. सॉलोमन उधळणार नव्हता. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि जीभ दगडांवर पडली होती.

"ढोंग करतंय," कोणीतरी म्हणालं. "आठ वर्षांचा घोडा असा पडत नाही."

खाली जाणाऱ्या बसच्या गाडीवानाने वाटेत एमसला सांगितलं असावं. तो आपली गाडी तिथेच रस्त्यात सोडून धावत वर आला. वय अठ्ठावन्न, श्वास लागलेला, डोक्यावर हॅट नाही. तो दगडांवर बसला, सॉलोमनचं डोकं मांडीवर घेतलं. सॉलोमनने कान पुढे केले. बस, एवढंच. मग थोड्या वेळाने ते कान तसेच राहिले, पण त्यात ऐकणं उरलं नव्हतं.

खाटकाची गाडी येईपर्यंत रस्ता बंद राहिला. पाद्री उतरून पायी गेला. साखळीने सॉलोमनला वर ओढून घेतला तेव्हा पाय लांब लोंबत होते आणि तो होता त्याहून केवढा तरी मोठा दिसत होता. गाडी टेकडी उतरून गेली. आमच्यासमोर तिरकी उभी गाडी आणि सव्वीस पोती कोळसा.

"हा पोचवायला लागेल," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार होतो?

एमस उठला. एक पोतं पाठीवर घेतलं आणि चढायला लागला. मीही घेतलं. घर जवळच होतं, शंभर-दीडशे पावलं, पण तो चढ पाठीवर घेतल्याशिवाय कळत नाही. एमस नागमोडी चालत होता. मध्येच थांबायचा, भिंतीला टेकायचा, पुन्हा निघायचा.

मागच्या दारात स्वयंपाकीणबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. लठ्ठ, चेहरा लाल, हातांना पीठ.

"ही वेळ झाली का? माझी चूल विझली, वर बारा माणसं जेवायची आहेत! कुठे मेला होतात?"

"घोडा गेला, बाई," मी म्हणालो. "रस्त्यातच."

"अगं बाई." ती दारातून बाजूला झाली. "कशाने?"

एमसने पोतं कोळशाच्या खोलीत रिकामं केलं. काळी धूळ उडाली, तो त्या धुळीतच उभा राहिला.

"म्हातारा होता," तो म्हणाला.

"हो? किती वर्षांचा होता हो?"

"एकोणीस."

बाईने जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली. "एकोणीस! आणि या टेकडीवर! अरेरे. फार झालं हो. फार झालं."

तिने काही बघायला मागितलं नाही. कोणाला विचारलं नाही. एमस म्हणाला आणि तिला पटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी पटलं.

एमस कोळशाच्या खोलीच्या पायरीवर बसला, तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्याने रडायला लागला. बाई घाबरून आत गेली, बाहेर आली, हातात चहाचा कप, आणि तो कोणाला द्यावा हे तिला कळेना. शेवटी तिने तो पायरीवर त्याच्या शेजारी ठेवला.

मी उरलेली चोवीस पोती उतरवायला खाली गेलो.